रात्री फोन कोणाचा वाजणार?

मी ज्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतो तिचं ऑफिस पुण्यात, कारखाना चाकणला आणि गोदाम भिवंडीला. सर्व्हर तिन्हीकडे, पण ते कळणारी माणसं पुण्यातच. त्यामुळे लांबून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे चैन म्हणून आलेलं नाही. ‘कोणतं घेऊ?’ असं विचारणारे या धंद्यात बरेच भेटतात. त्यांना जे सांगतो ते इथे लिहितोय. क्रमाला फारसा अर्थ नाही, पहिला मुद्दा मात्र पहिलाच.

१. आधी कोणाला उठवायचं ते ठरवा.

डेमोला येणारा माणूस हटकून डॅशबोर्ड दाखवतो. काळी पार्श्वभूमी, हिरवे-लाल ठिपके, नागमोडी आलेख. साहेब खूश होतात. पण रात्री दोन वाजता तो पडदा बघायला कोणीही नसतं. तेव्हा काम करते ती एकच गोष्ट: कोणाचा तरी फोन वाजणं. म्हणून सॉफ्टवेअर बघण्याआधी एका कागदावर दोन रकाने करावेत. डावीकडे ‘काय बंद पडलं’, उजवीकडे ‘कोणाला उठवायचं’. उजवीकडे नाव सुचत नसेल तर ती गोष्ट सकाळच्या मेलमध्ये आली तरी चालते.

ही यादी आयटीवाल्यांनी एकट्याने बसून करू नये. आमच्याकडे डिस्पॅचच्या सुपरवायझरना सोबत घेतलं, तेव्हा चित्र पार बदललं. त्यांच्या लेखी मेल सर्व्हर रात्रभर पडला तरी बिघडत नव्हतं. पण गेटजवळचं लेबल छापणारं आणि ई-वे बिल काढणारं साधं मशीन अडलं की भरलेली गाडी जागच्या जागी उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, सिक्युरिटीवाला सुपरवायझरना फोन लावतो आणि ते आम्हाला. ते मशीन आमच्या ‘महत्त्वाचे सर्व्हर’ या यादीत येण्याचं तोवर काही कारणच नव्हतं.

२. सूचनेचा मजकूर मोठ्याने वाचून बघा.

‘क्रिटिकल, एसआरव्ही-०४, डी, ९०%.’ झोपेतून उठलेल्या माणसाने यातून काय समजायचं? चाळीस जीबीच्या डिस्कवर नव्वद टक्के म्हणजे उरले चार जीबी, धावपळ करा. चार टीबीच्या डिस्कवर नव्वद टक्के म्हणजे अजून चारशे जीबी शिल्लक, झोपा. टक्क्यांवर अलर्ट लावणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच लावतात.

आम्हाला हवा होता तो संदेश असा: ‘चाकण, ईआरपी डेटाबेस. डी डिस्क या वेगाने चार तासांत भरेल.’ आता उठायचं की नाही हे वाचणाऱ्याला ठरवता येतं. झॅबिक्स आणि प्रोमिथियस या दोन्हींत भरण्याचा वेग बघून उरलेला वेळ काढायची सोय आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर आपल्या भाषेत बदलता येत नाही, ते मी दुसऱ्या फेरीत धरतच नाही. आमचे निम्मे संदेश मराठीत आहेत, कारण रात्रपाळीच्या माणसाला ते एका नजरेत वाचता येतात.

३. सूचना निघाली म्हणजे पोहोचली असं नाही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप मुळात होतच नव्हता. तो फसतोय असं सांगणारे मेल निघत होते, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी हे सगळं स्वतःच जगासमोर मांडलं, म्हणून आपल्याला कळलं.

आपल्याकडे यात एसएमएसची भर. परदेशी सॉफ्टवेअर ‘एसएमएस अलर्ट’ असं छापतं, पण भारतात कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर कंपनी, हेडर आणि मजकुराचा साचा, तिन्हींची नोंदणी लागते. साच्याबाहेरचा संदेश मोबाइल कंपनीच अडवते. तेव्हा विक्रेत्याला ‘एसएमएस आहे का?’ असं विचारू नका. ‘आत्ता या नंबरवर पाठवून दाखवा,’ म्हणा. आम्ही शेवटी रात्रीसाठी आपोआप लागणारा फोन ठेवला आणि मेल फक्त नोंदीपुरता.

४. लाइन गेली आणि सर्व्हर गेला, यातला फरक त्याला कळायला हवा.

चाकणच्या रस्त्यावर जेसीबी केबलवर पडला की पुण्यातून बघणाऱ्याला कारखान्यातलं सगळंच्या सगळं बंद दिसतं. आत मशीन मजेत चालू असतात. अशा वेळी साधं सॉफ्टवेअर प्रत्येक सर्व्हरचा, प्रत्येक स्विचचा वेगळा अलर्ट पाठवतं आणि त्या गर्दीत ‘लाइन तुटली’ हा एकच खरा संदेश बुडून जातो. नागिओसमध्ये ही अक्कल फार जुनी आहे: कोणतं यंत्र कोणाच्या मागे आहे हे सांगून ठेवलं की ते ‘बंद’ आणि ‘पोहोचता येत नाही’ असे दोन वेगळे निकाल देतं. १९९९ साली नेटसेंट या नावाने ते सुरू झालं. आज त्याचे पडदे जुनाट वाटतात, पण नव्या चकचकीत सॉफ्टवेअरना मी हा प्रश्न पहिला विचारतो.

दुसरा प्रश्न: लाइन बंद असतानाच्या नोंदी कुठे जातात? झॅबिक्समध्ये लांबच्या ठिकाणी एक प्रॉक्सी बसवता येते. ती तिथल्या तिथे मोजमाप घेत राहते आणि लाइन आली की मागचं सगळं मुख्य सर्व्हरला पाठवते. मात्र मूळ सेटिंगमध्ये ती एका तासापुरतंच साठवते. आपल्या भागात केबल एका तासात जोडून मिळत असेल तर उत्तमच. नाहीतर तो आकडा वाढवून घ्या.

५. गुरुवार विसरू नका.

पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात गुरुवार सुट्टीचा आणि महावितरणच्या देखभालीचा. ‘दर गुरुवारी अमुक वेळेत या ठिकाणचे अलर्ट गप्प, पण सर्व्हर रूमच्या तापमानाचा चालूच’ इतकं बारीक ज्यात सांगता येत नाही, ते सॉफ्टवेअर दर आठवड्याला खोटी बोंब मारणार. मग माणसं फोन सायलेंटवर टाकून झोपतात. मे महिन्यात एसी बंद पडतो तो नेमका अशाच दिवशी.

६. कोटेशनमधलं एकक वाचा, रक्कम नंतर.

कोणी सर्व्हरमागे पैसे घेतं, कोणी सेन्सरमागे. पीआरटीजीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सर म्हणजे मोजायची एकेक गोष्ट: सीपीयू एक, डिस्क एक, स्विचचा पोर्ट एक. अठ्ठेचाळीस पोर्टचा एकच स्विच पूर्ण बघायचा म्हटलं तर अठ्ठेचाळीस गेले. शंभर सेन्सरपर्यंत ते फुकट मिळतं, आणि एखाद्या छोट्या ऑफिसला तेवढं पुरतंही. क्लाउडवरच्या सेवांमध्ये सर्व्हरचा दर वेगळा, लॉगचा वेगळा. परचेसवाले फक्त खालची बेरीज बघतात. त्यांना एकक समजावणं हे आपलं काम.

उलट बाजूला झॅबिक्स, नागिओस, प्रोमिथियस. लायसन्सचा खर्च शून्य, पण ते मांडणारा माणूस पगारी. तो सोडून गेला तर काय, याचं उत्तर नसेल तर फुकटचं घेऊ नये, असं माझं मत आहे. शिवाय प्रत्येकाचा पिंड वेगळा. प्रोमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये जन्मलं, जिथे कंटेनर मिनिटामिनिटाला उभे राहतात आणि मोडतात. तिथे ते अप्रतिम. पण मूळ सेटिंगमध्ये ते पंधरा दिवसांचीच माहिती ठेवतं. आम्हाला या मार्चएंडचा ताण गेल्या मार्चएंडशी ताडून बघायचा असतो. झॅबिक्स तासातासाचे सारांश वर्षभर ठेवतं, आमच्यासारख्या ठिकाणी तेच जास्त उपयोगी पडतं.

जाता जाता: सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. ‘आमचं सॉफ्टवेअर घेतलं की हे आपोआप होतं,’ असं सेल्समन म्हणाला तर लेखी मागा. सहसा दुसऱ्या दिवशी तो विषय कोटेशनमधून गायब झालेला असतो.

७. राखणदाराच्या कमरेला सगळ्या चाव्या बांधू नका.

डिसेंबर २०२० मध्ये उघड झालं की सोलरविंड्सच्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घुसखोरांनी आपला कोड घातला होता. ते अपडेट सुमारे अठरा हजार ग्राहकांकडे पोहोचलं होतं. ओरायनचं काम काय, तर नेटवर्कवर नजर ठेवणं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये कसेयाच्या लांबून देखभाल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून खंडणीखोर शिरले आणि स्वीडनमधल्या कूप या साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली.

तेव्हा ‘आमच्या एजंटला ॲडमिनचे हक्क द्या’ असं कोणी म्हटलं की ‘का?’ विचारा. बघायला वाचण्यापुरते हक्क बहुतेकदा पुरतात. एसएनएमपी वापरत असाल तर आवृत्ती तीन घ्या. जुन्या आवृत्तीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो, आणि कित्येक स्विचवर तो अजून ‘पब्लिक’ हाच असतो.

८. बघणाऱ्याला कोण बघतं?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं आणि दुरुस्तीची त्यांची स्वतःची साधनंही त्याच नेटवर्कसोबत बसली होती. आमचा मॉनिटरिंगचा सर्व्हर दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका छोट्या सेवेला ‘आहे’ कळवतो. कळवणं थांबलं की ती सेवा आम्हाला फोन करते. खर्च नगण्य.

९. चाचणी आपल्या सगळ्यात वाईट सर्व्हरवर घ्या.

नव्या कोऱ्या मशीनवर सगळंच छान चालतं. प्रत्येक कारखान्यात कोपऱ्यात एक जुना विंडोज सर्व्हर २०१२ असतो. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, पण वजनकाट्याचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय चालत नाही. विक्रेत्याचा नवा एजंट त्यावर बसतो का, ते पहिल्या दिवशी बघा. मग रोज एक उपद्व्याप करा: एखादी सर्व्हिस बंद करा, रिकाम्या फायलींनी डिस्क भरा, यूपीएसची मेन काढा, रॅकमधली एक केबल उपसा. विक्रेत्याला आधी सांगू नका, रात्रपाळीच्या माणसालाही नाही. केबल काढल्यापासून त्याचा फोन येईपर्यंत किती मिनिटं गेली ते घड्याळ लावून लिहा, आणि तो कागद कोटेशनला जोडून परचेसकडे पाठवा.