ग्रंथ, संस्कृती आणि लोकजीवन : तीन चरित्रांचा पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी, तासिका तीन)

पाठाचा हेतू

प्राथमिक शाळेत थोर पुरुषांची चरित्रे नित्य शिकविली जातात. परंतु पुष्कळदा जन्मसाल, भूषविलेली पदे व मृत्युदिन एवढेच फळ्यावर लिहिले जाते आणि विद्यार्थी ते पाठ करून परीक्षेनंतर विसरतात. पदांची यादी म्हणजे चरित्र नव्हे. माणसाने कोणत्या प्रसंगी काय निवडले आणि त्या निवडीमुळे लोकांच्या हाती काय आले, हे कळले म्हणजे चरित्र कळले. प्रस्तुत पाठात तीन पुरुषांचे जीवनक्रम या दृष्टीने मांडले आहेत. पहिला यवतमाळ जिल्ह्यातील, दुसरा संस्थानाधिपती आणि तिसरा शास्त्री-पंडित. तिघांचे मार्ग भिन्न असले तरी तिघांनीही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि विद्या ही मूठभरांची मिरास राहू नये यासाठी तिघेही झटले.

प्रस्तावना

पाठाचा प्रारंभ विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या गोष्टीपासून करावा. कळंब तालुक्यातील शाळांत श्रीचिंतामणीचे मंदिर व चक्रवती नदी यांचा उल्लेख पुरेसा आहे. पुराणातील कदंबपूर म्हणजेच कळंब अशी परंपरागत समजूत आहे. ही समजूत गावाने कशी जपली, असे विद्यार्थ्यांस विचारावे. आजीने सांगितली, कीर्तनात ऐकली, पोथीत वाचली, अशी उत्तरे येतील. तोंडी सांगितलेले विसरते, लिहिलेले टिकते, आणि लिहिलेले वाचणारा असेल तरच ते उपयोगी पडते, हे सूत्र येथे फळ्यावर लिहावे. नकाशात यवतमाळ, कळंब, वणी, पुसद, बडोदे व वाई ही स्थाने दाखवावीत. धाराशिव जिल्ह्यातही कळंब नावाचे तालुक्याचे गाव आहे, हे सांगण्यास विसरू नये.

विषयप्रतिपादन

१. लोकनायक माधव श्रीहरी अणे (१८८० ते १९६८)

बापूजी अणे यांचा जन्म वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही वर्षे अमरावतीस शिक्षकाचे काम केले, नंतर यवतमाळ येथे वकिली सुरू केली. आपल्या वर्गासमोर उभा असलेला गुरुजी ज्या व्यवसायात आहे, त्याच व्यवसायातून या नेत्याने आरंभ केला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी होते. १९१८ साली त्यांनी यवतमाळहून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केले. १९२८ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

१० जुलै १९३० रोजी पुसदजवळ त्यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलातील गवत कापून सरकारी कायदा मोडावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. समुद्र दूर असलेल्या वऱ्हाडात मीठ कोठून आणणार? म्हणून ज्या गवतासाठी शेतकऱ्याचे गुरू रोज अडते, ते गवतच सत्याग्रहाचे साधन झाले. लोकांचे दुःख ओळखून चळवळीस त्याचे रूप देणे हे नेत्याचे कौशल्य होय.

पुढे १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी उपवास आरंभिला असता सरकारचे धोरण न पटल्याने त्यांनी ते उच्च पद सोडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५२ ते बिहारचे राज्यपाल होते. टिळकांच्या जीवनावर त्यांनी संस्कृतात रचलेल्या ग्रंथास १९७३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सत्तेची पदे संपली, ग्रंथ मागे उरला.

२. महाराजा सयाजीराव गायकवाड (१८६३ ते १९३९)

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेला गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीस दत्तक गेला. त्या वेळी बाराव्या वर्षीही त्यास अक्षरओळख नव्हती. ज्याने उशिरा अक्षर गिरविले, त्याने प्रजेला मात्र उशीर होऊ दिला नाही. १८९३ साली अमरेली भागात व १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले.

परंतु शाळा सोडल्यावर वाचावयास काहीच नसेल तर शिकलेले अक्षर पुसले जाते. यासाठी महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले. बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि लाकडी पेट्यांतून ग्रंथ खेडोपाडी फिरू लागले. गावग्रंथालयासाठी गावकऱ्यांनी काही रक्कम जमविली की तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने द्यावी, अशी योजना होती. गावाने आपला वाटा उचलल्यामुळे ग्रंथालय गावाचे झाले. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्ष सयाजीराव होते.

३. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१ ते १९९४)

धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर येथे जन्मलेले लक्ष्मणशास्त्री वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत शिकले. प्राचीन शास्त्रांचे अध्ययन करूनही, किंबहुना त्यामुळेच, त्यांनी अस्पृश्यतानिवारणास शास्त्राधार दाखविला आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसला. १९५४ च्या दिल्ली संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व त्यांजकडे आले. जगातील ज्ञान मराठी भाषेत आणण्याचे हे काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. ते पुढच्या पिढीने चालविले. आज विश्वकोशाचे वीस खंड महाजालावर विनामूल्य वाचता येतात.

पूरक माहिती

कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली व मद्रास प्रांताने १९४८ साली ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे. त्या वेळी मुख्यमंत्री होते ते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातील गहुली गावचे सुपुत्र. १९६१ साली ग्वाल्हेरच्याच संमेलनात कुसुमावती देशपांडे या विदर्भकन्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या, हे मुलींच्या वर्गात अगत्याने सांगावे. यवतमाळ नगरीतही १९७३ व २०१९ साली संमेलने भरली.

दृढीकरण

१. अणे यांनी मिठाऐवजी गवत का निवडले?
२. शाळा असताना सयाजीरावांस ग्रंथालयाची गरज का वाटली?
३. अपुरे राहिलेले काम व्यर्थ असते काय? विश्वकोशाच्या उदाहरणाने सांगा.
४. तिघांपैकी एकाने सोडलेली गोष्ट व एकाने सुरू केलेली गोष्ट लिहा.

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात केवळ पदाचे नाव आल्यास विद्यार्थ्यास ‘मग लोकांस काय मिळाले?’ असा उपप्रश्न करावा.

उपयोजन

हा पाठ सांगून संपत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले आहे, आणि बहुतेक शाळांत पुस्तकांचे कपाट असतेही. प्रश्न त्याच्या कुलपाचा आहे. पुस्तक हरवले तर नोंदवहीत त्याचा हिशेब द्यावा लागतो, या भयाने पुस्तके आतच राहतात. कोरे राहिलेले पुस्तक तपासणीत सुरक्षित ठरते, परंतु त्याने एकाही मुलाचे अक्षर टिकत नाही. शेतमजुरांची मुले सुगीच्या दिवसांत शाळेस मुकतात. त्यांच्या घरी दुसरे पुस्तक नसते. अशा मुलाच्या हाती कपाटातील एक गोष्टीचे पुस्तक पडले नाही, तर सयाजीरावांनी ओळखलेला धोका आपल्याच वर्गात खरा होतो.

म्हणून पुढील क्रम ठेवावा. पंचवीस-तीस पुस्तके एका पेटीत काढावीत. इयत्ता पाचवीतील एक मुलगा व एक मुलगी यांस दरमहा ग्रंथपाल नेमावे. देवघेवीची वही त्यांनीच लिहावी. वर्णानुक्रमे यादी करण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतल्यास भाषेचा पाठही साधतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यास एक पुस्तक घरी न्यावे व निरक्षर आईवडिलांस किंवा आजीस मोठ्याने वाचून दाखवावे. फाटलेले पुस्तक हस्तव्यवसायाच्या तासास चिकटवून घ्यावे. वापराने पुस्तक झिजणारच, ते गृहीत धरून मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे तशी नोंद आधीच ठेवावी. समितीतील पालकांनी वर्षास दोन-चार पुस्तके दिली तर बडोद्याच्या योजनेतील गावाचा वाटाही उचलला जाईल.

सत्राच्या अखेरीस देवघेवीची वही उघडून कोणत्या मुलाच्या नावापुढे एकही पुस्तक नाही, हे शिक्षकांनी प्रथम पाहावे आणि पुढील पेटी भरताना त्या मुलाला काय आवडेल, याचा विचार करून पुस्तके निवडावीत.