करले आणि केले

तीन-चार वर्षांचे मूल कधीकधी 'मी हे करले' असे म्हणते. वडील माणसे हसतात आणि 'केले म्हणावे' असे सांगतात. परंतु घरात कोणी 'करले' म्हणत नसताना मुलाने हे रूप आणले कोठून? ते त्याने स्वतःच घडविले. 'धरणे–धरले', 'भरणे–भरले' ही रूपे त्याने ऐकलेली असतात. तेव्हा 'करणे' या क्रियापदाचे 'करले' व्हावे, असे त्याचे मन ठरविते. एका शब्दाच्या धर्तीवर दुसऱ्या शब्दाचे रूप बनविण्याच्या या प्रवृत्तीस 'सादृश्य' असे म्हणतात.

'केले' हे रूप संस्कृतातील 'कृत' या रूपापासून प्राकृताच्या वाटेने मराठीत आले. 'गत' पासून 'गेले' आणि 'मृत' पासून 'मेले' ही रूपे अशीच आली. म्हणून ती आजच्या सामान्य नियमात बसत नाहीत.

सादृश्य मोठ्या माणसांच्या भाषेतही आपले कार्य करीत असते. ग्रंथांत 'म्हटले' असे लिहितात. बोलताना मात्र पुष्कळ लोक 'म्हणले' असे म्हणतात. इंग्रजीत 'हेल्प', म्हणजे मदत करणे, या क्रियापदाचे भूतकाळी रूप पूर्वी 'होल्प' असे होते. आज ते 'हेल्प्ड' असे आहे. क्वचित याच्या उलटही घडते. 'डिग', म्हणजे खणणे, याचे १६११ च्या इंग्रजी बायबलात 'डिग्ड' असे नियमित रूप आढळते. आज 'स्टिक–स्टक' यासारख्या जोड्यांप्रमाणे त्याचे 'डग' झाले आहे.

मग सर्वच जुनी रूपे का बदलली नाहीत? हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे तपासली. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या क्रियापदांपैकी ९८ क्रियापदेच आज अनियमित राहिली आहेत. जी वारंवार बोलण्यात येतात, ती बहुधा टिकली. जी क्वचित येतात, ती नियमित झाली. क्वचित लागणारे रूप आठवत नाही आणि मनुष्य नियमाचा आधार घेतो. रोजचे रूप मात्र जिभेवर तयार असते. 'केले', 'गेले' ही रूपे अशा नित्य वापरामुळेच टिकून आहेत.

म्हणून 'करले' म्हणणाऱ्या मुलाची थट्टा करू नये. 'केले' हे रूप वरचेवर ऐकून ते लवकरच शिकेल. परंतु भाषेतील नियम त्याने कोणी न शिकविता ओळखला आहे, याची साक्ष त्याची ही चूकच देते.

स्वाध्याय
१. सादृश्य म्हणजे काय? उदाहरण देऊन सांगा.
२. 'केले' हे रूप का टिकून राहिले?
३. लहान मुलांच्या बोलण्यातील अशी आणखी दोन रूपे शोधा व ती कोणत्या शब्दांच्या धर्तीवर बनली असतील, ते लिहा.