विधी विद्यार्थी आणि ग्रंथालय : दोन संहितांचा अभ्यास

नवी मुंबईतील नेरूळ येथे विधी शिक्षणाची सोय आहे. तेथील विद्यार्थ्यांना कोणती पूरक अभ्याससाधने मिळतात, हा प्रश्न आज विशेष अगत्याचा ठरला आहे.

१ जुलै २०२४ रोजी १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या ५११ कलमांच्या ठिकाणी आता ३५८ कलमे आहेत. खुनाच्या शिक्षेचे कलम पूर्वी ३०२ होते, ते आता १०३ झाले आहे. नव्या संहितेतील कलम ३०२ मात्र हेतुपुरस्सर धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांसंबंधी आहे. केवळ क्रमांक पाठ करणाऱ्याची येथे फसगत होईल.

तथापि, जुने ग्रंथ निरुपयोगी झाले, असा समज ग्रंथपालांनी करून घेऊ नये. संविधानाच्या अनुच्छेद २० नुसार, कृत्य घडतेवेळी अंमलात असलेल्या कायद्याच्या उल्लंघनाबद्दलच दोषी ठरविता येते. साहजिकच, त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागू होते.

म्हणून दोन्ही संहितांचे मूळ पाठ, कलमांचा तुलनात्मक तक्ता आणि भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ग्रंथालयात एकत्र ठेवावेत. विद्यार्थ्याने प्रथम मूळ कलम, नंतर भाष्य आणि त्यानंतर न्यायनिवाडे वाचावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर सेवेवर २०२३ पासून निवाडे विनामूल्य पाहता येतात. मार्गदर्शिका उजळणीपुरत्याच वापराव्यात.

गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांनीही हा संच ठेवल्यास शिक्षक व पंचायत सदस्यांनाही कायद्याचा मूळ पाठ स्वतः पडताळता येईल.