टॉर्क कन्व्हर्टर बदलू का?

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक व्ही-क्रॉस पिकअपला मोठे टायर आणि कॅनोपी बसवली. रोज मासवणहून तारापूर एमआयडीसीत जातो. गाडीची उचल मंदावली आहे. जास्त स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर घालू का?
– एक वाचक, मासवण

उत्तर : घालू नका. जास्त स्टॉल म्हणजे जास्त ताकद नव्हे. इंजिन फक्त वरच्या आरपीएमला जाऊन मग ओढ घेतं आणि मधल्या घसरणीत गिअरबॉक्सचं तेल तापतं. तुमच्या डिझेल इंजिनाचा पूर्ण ३६० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमलाच मिळतो. रोजच्या गाडीला मूळ कन्व्हर्टरच योग्य. मंदपणा बहुधा मोठ्या टायरचा आहे. मूळ मापाचे लावून पाहा, काळजीचं कारण नाही. भार नेहमीच जास्त असेल तर गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर बसवा. तेल तापू नये म्हणून चढावरही गाडी ॲक्सिलरेटरवर थोपवू नका, ब्रेक दाबा.