माळ्यावरची सायकल: आधी ओळख, मग सफाई

प्रश्न : आजोबांची रॉड ब्रेकची सायकल गंजून गेली आहे. पुढची नावाची पट्टीही गेली. ती कोणत्या कंपनीची, आणि साफ कशी करावी?

उत्तर : पट्टी गेली तरी चेनच्या पुढच्या दात्यांच्या चकतीकडे पाहावे. तिच्यात बगळ्यांची डोकी कोरलेली असतील, तर माग नॉटिंगहॅमच्या रॅलेकडे जातो. मात्र आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, त्यामुळे सायकल विलायतीच असेल असे लगेच धरू नये. मागच्या हबवर ‘स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू’ आणि शेजारी ५३ असे आकडे असले, तर तो तीन गिअरचा हब १९५३चा. हब, सायकल नव्हे! चाके बदललेली असू शकतात.

सफाईची घाई करू नये. सँडपेपर तर हातातच घेऊ नये. सोनेरी रेघा एकदा गेल्या की मूळ रंगकाम परत मिळत नाही. रंगावर साबणपाण्याचे मऊ फडके पुरे. हँडल, रिमसारख्या क्रोमच्या भागांवर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. तांबूस चिखल निघतो, तो लगेच पुसावा. क्रोमचे पापुद्रे सुटले असतील, तिथे थांबावे.

क्रँकची कॉटर पिन अडली असेल, तर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवावे. थेट हातोडा मारल्यास पिनेचे टोक वाकते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तेही ध्यानात ठेवावे.

चालवण्यापूर्वी ब्रेकचे रबर नवे घालावे आणि चिमटा तडकलेला नाही ना, हे जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावे.