गेम खेळणे आणि गेम तयार करणे : प्रोग्रॅमिंगपासून चित्रकलेपर्यंत



गेल्या अंकात आपण खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाची माहिती घेतली. या अंकाचा विषय शेताबाहेरचा आहे, पण घराबाहेरचा नाही. आमच्या शेतकी खात्याची मंडळी ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोरगं म्हणतंय गेम बनवायला शिकायचंय. क्लासची फी मोठी आहे. ऊसबिल जमा झालं की भरून टाकू का?" दुसरीकडे, "दिवसभर मोबाईल घेऊन बसतंय, त्यात शिकायचं काय?" असेही ऐकायला मिळते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. बेणे न पाहता लागण करू नये, तसेच विषय न समजता फी भरू नये. आणि विषय न समजता पोराला किंवा पोरीला गप्पही बसवू नये. म्हणून हा पाठ.

प्रथम एक खुलासा. गेम म्हटले की पुष्कळांना पैसे लावून खेळायचे पत्ते आठवतात. तो प्रकार वेगळा. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे करमणुकीचे व शैक्षणिक खेळ यांना त्याच कायद्यात स्थान दिले आहे. आपण येथे बोलतो आहोत ते खेळ तयार करण्याच्या विद्येबद्दल.

१) आधी नियम, मग कॉम्प्युटर

गेमची सुरुवात कॉम्प्युटरवर होत नाही, कागदावर होते. खेळणाऱ्याचे उद्दिष्ट काय, त्याला काय करता येते, काय करता येत नाही, आणि चुकले तर काय होते, एवढे ठरले की खेळाचा सांगाडा तयार झाला. सारीपाट काय आणि विटीदांडू काय, तेथेही हेच आहे.

आपल्याच शेतातले उदाहरण घेऊ. समजा उसाचे तीन तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यात ओलीचे ६० गुण आहेत. रोज ५ गुण कमी होतात. ओल ३० च्या खाली गेली की उसाची वाढ थांबते. रात्री लाईट येते तेव्हा एकाच तुकड्याला पाणी देता येते आणि त्या तुकड्याची ओल १५ ने वाढते.

आता हिशेब करा. तीन तुकड्यांची मिळून रोजची घट १५, आणि पाण्याने रोजची भर १५. जमाखर्च बरोबर. खेळणारा पाळीपाळीने पाणी देत राहील आणि थोड्या वेळात कंटाळून उठेल, कारण विचार करण्यासारखे काही उरलेच नाही. म्हणून आपण एक नियम वाढवू. दर चौथ्या रात्री लाईट नाही. आता चार दिवसांत घट ६० आणि भर ४५, म्हणजे १५ ची तूट आली. प्रत्येक तुकड्यात ६० पासून ३० पर्यंत ३० ची शिल्लक, तिन्ही मिळून ९०. दर चार दिवसांना १५ तुटले तर फार तर २४ दिवस तग धरता येईल. विसाव्या दिवसाच्या आसपास पाऊस येईल किंवा येणार नाही, असे ठेवले की खेळणारा डोके खाजवू लागतो. कोणता तुकडा वाचवायचा? आडसाली की खोडवा?

याला गेमचा समतोल साधणे म्हणतात. खेळ फार सोपा झाला तर कंटाळा येतो, फार अवघड झाला तर खेळणारा सोडून देतो. हे आकडे बसवणे हे या धंद्यातले मुख्य कौशल्य आहे. त्यासाठी गणित लागते ते बेरीज-वजाबाकीपासून सुरू होणारे. बाकीचे गणित गरजेप्रमाणे पुढे शिकता येते.

२) प्रोग्रॅमिंग

कॉम्प्युटरला आपले नियम समजतील अशा भाषेत लिहिणे म्हणजे प्रोग्रॅमिंग. नवशिक्याने तीन गोष्टी पक्क्या कराव्यात.

(अ) साठवण. "ओल" या नावाने एक कप्पा करून त्यात ६० हा आकडा ठेवणे. याला व्हेरिएबल म्हणतात.

(आ) अट. जर ओल ३० पेक्षा कमी, तर वाढ थांबवा. जर पाणी दिले, तर ओल १५ ने वाढवा.

(इ) आवर्तन. तेच काम पुन्हा पुन्हा करणे. कॅनॉलच्या आवर्तनासारखेच, फक्त येथे ते बहुतेक गेममध्ये सेकंदाला ३० किंवा ६० वेळा फिरते. प्रत्येक फेरीत कॉम्प्युटर बघतो, कोणते बटण दाबले, कोणता आकडा बदलला, आणि त्याप्रमाणे पडद्यावर चित्र नव्याने काढतो. चित्र हलताना दिसते ते त्यामुळे.

वरच्या नियमाने पाणी न दिलेल्या तुकड्याची ओल सहाव्या दिवशी ३० वर येते आणि सातव्या दिवशी २५ होऊन वाढ थांबते. पोराने हे कागदावर काढून दाखवले आणि नंतर तेच पडद्यावर करून दाखवले, तर त्याला प्रोग्रॅमिंगची वाट सापडली असे समजावे.

लहान मुलांसाठी अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने २००७ साली "स्क्रॅच" नावाची पद्धत आणली. तिच्यात टाईप फार करावे लागत नाही. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. ती फुकट आहे. हात बसला की "गोडो" घ्यावे. गोडोचा उगम अर्जेंटिनातला. २०१४ साली ते सर्वांसाठी खुले झाले. त्यालाही पैसे पडत नाहीत आणि साध्या सपाट चित्रांच्या गेमसाठी फार भारी कॉम्प्युटरही लागत नाही. युनिटी आणि अनरिअल ही मोठ्या कंपन्यांत चालणारी साधने आहेत. ती पुढच्या इयत्तेची समजावी.

३) चित्रकला

पडद्यावरील चित्र बारीक चौकटींनी बनते. तिला पिक्सेल म्हणतात. सोळा आडव्या व सोळा उभ्या चौकटी घेतल्या तर एकूण २५६ चौकटी होतात. तेवढ्यात माणूस, बैल किंवा उसाचे बेट दाखवायचे. आपल्या घरातील भगिनी ठिपक्यांची रांगोळी काढतात किंवा कापडावर टाक्यांचे भरतकाम करतात. हे काम त्याच जातीचे आहे, तेव्हा ते त्यांना परके वाटण्याचे कारण नाही.

जपानच्या निन्टेंडो कंपनीतील शिगेरू मियामोटो यांचे उदाहरण घ्या. त्यांचे शिक्षण कलाशाळेतले. १९८१ साली त्यांनी "डाँकी काँग" हा गेम केला. पुढे जगभर गाजलेला मारिओ त्यातलाच. चौकटी फार थोड्या होत्या. केस काढणे जमेना, म्हणून टोपी घातली. तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून नाकाखाली मिशा दिल्या. हात हलताना दिसावेत म्हणून सदऱ्याला एक रंग आणि विजारीला दुसरा. अडचणीतून रूप ठरले. हातात चित्रकला आणि डोक्यात विचार असेल, तर साधने थोडी असली तरी काम होते.

चित्र शिकणाऱ्याने सुरुवात कागद-पेन्सिलीनेच करावी. उजेड कोणीकडून येतो, सावली कोठे पडते, चालताना पाय कसा उचलला जातो, हे पाहून काढावे. मग कॉम्प्युटरवर "क्रिटा" हे चित्र काढण्याचे फुकट साधन आहे. मातीच्या बैलासारखे सर्व बाजूंनी दिसणारे आकार घडवायचे असतील तर "ब्लेंडर" आहे. ते मूळ हॉलंडमधले. २००२ साली लोकांनी वर्गणी करून एक लाख युरो जमा केले आणि ते सर्वांसाठी मोकळे करून घेतले. सहकाराची सवय असलेल्या आपल्या सभासदांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

४) एका शेतीच्या गेमची हकिगत

अमेरिकेतील सिएटल भागातील एरिक बॅरोन या तरुणाने २०११ साली कॉम्प्युटरची पदवी घेतली. नोकरी मिळेना. सराव व्हावा म्हणून त्याने शेतीवरचा एक गेम करायला घेतला. प्रोग्रॅम, चित्रे, संगीत, संवाद, सर्व एकट्याने. मनासारखी होईनात म्हणून तीच चित्रे पुन्हा पुन्हा काढली. मधल्या काळात नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम केले. साडेचार वर्षे गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये "स्टारड्यू व्हॅली" बाजारात आला. दोन महिन्यांत दहा लाख प्रती गेल्या, आणि डिसेंबर २०२४ पर्यंत हा आकडा ४ कोटी १० लाखांवर पोचला.

ही हकिगत ऐकून कोणी लगेच हुरळून जाऊ नये. एकरी शंभर टनाचा प्लॉट आपण पाहायला जातो, पण शिवारातल्या सगळ्यांना तो उतारा पडत नाही. स्टीम नावाच्या मोठ्या विक्रीकेंद्रावर २०२४ या एका वर्षात १८ हजारांवर नवे गेम आले. त्यातले बहुतेक कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी "राजी" हा भारतीय पुराणांच्या वातावरणातला गेम केला. २०१७ साली लोकांकडून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि २०२० साली गेम जगभर प्रसिद्ध झाला. थोडक्यात, या धंद्यात उत्पन्न उशिरा येते आणि काही वेळा येतच नाही. मधली वर्षे घर कशावर चालणार, हे आधी ठरवावे लागते.

५) फी भरण्यापूर्वी

आमचा सल्ला असा की पहिले सहा महिने फी भरूच नये. खालीलप्रमाणे घरी करून पाहावे.

- पहिले दोन महिने : रोज एक तास स्क्रॅच. सोबत रोज एक चित्र कागदावर.
- तिसरा व चौथा महिना : वर दिलेला तीन तुकड्यांचा पाण्याचा गेम गोडोमध्ये करणे. चित्रे चौकोनी ठोकळ्यांची असली तरी चालतील.
- पाचवा महिना : त्यात स्वतःची चित्रे व आवाज घालणे.
- सहावा महिना : घरच्या व गावातल्या दहा जणांना खेळायला देणे. त्यांना काही न सांगता नुसते बघायचे. कुठे अडतात ते वहीत लिहायचे आणि तेवढे दुरुस्त करायचे.

गेम लहान असला तरी पुरा झाला पाहिजे. अर्धवट दहा गेमपेक्षा पुरा एक बरा. सहा महिन्यांत एक पुरा झाला, तर मुलाला किंवा मुलीला गोडी आहे हे नक्की. मग फीचा विचार करावा. नुसते खेळण्यात वेळ गेला असेल तर तेही उघड होईल, आणि ऊसबिल शाबूत राहील.

क्लासवाल्याला चार प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः कोणता गेम पुरा केला आहे? मागच्या विद्यार्थ्यांचे काम पाहायला मिळेल का? प्रोग्रॅमिंग शिकवता की चित्रकला, की दोन्हीची नुसती तोंडओळख? मध्येच सोडले तर फी परत मिळते का? नोकरीची खात्री तोंडी देत असतील तर ती लेखी मागा. उत्तरे नीट मिळाली नाहीत तर घरी परत या. बारावी किंवा पदवीचे शिक्षण सोडून मात्र या मार्गाला जाऊ नये. प्रोग्रॅमिंग व चित्रकला दुसऱ्या कामांतही उपयोगी पडतात, तेव्हा गेम चालला नाही तरी शिकलेले वाया जात नाही.

६) आपले भांडवल

स्वित्झर्लंडच्या जायंट्स कंपनीचा "फार्मिंग सिम्युलेटर" हा गेम २००८ पासून चालू आहे. २०१७ साली त्यात ऊस आला. एकदा लागण केली की तोडणीनंतर तो पुन्हा फुटतो, म्हणजे खोडव्याची सोयही आहे. पण तेथे तोडणी मशीनने. आपल्याकडची तोडणी टोळी, बैलगाडी, लांबलेली तोडणी, तुरा आलेला ऊस, पाणीपाळीवरून बांधावर होणारी बोलाचाली, यातले तेथे काही नाही. हे ज्याने पाहिले आहे तोच ते गेममध्ये घालू शकेल. सभासदांच्या मुलांना ते कोणी शिकवावे लागत नाही. तेवढी बाजू त्यांची शहरातल्या मुलांपेक्षा भक्कम आहे.

तरी ज्या सभासदांची मुले-मुली या विषयात काही करत असतील त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव सांगावे. पाच-दहा नावे झाली तर मुलांची एकमेकांशी गाठ घालून देता येईल. एकाने प्रोग्रॅम करावा, दुसऱ्याने चित्रे काढावीत, तिसऱ्याने आवाज द्यावा. एकट्याला साडेचार वर्षे लागतात तेथे चौघांनी मिळून केले तर भार हलका होतो. पुढील अंकात नेहमीप्रमाणे हुमणीच्या बंदोबस्ताविषयी माहिती देऊ.

— ऊस विकास अधिकारी