परगावी, परप्रांती, परदेशी : परिचारिका भगिनींच्या करारी नोकरीविषयी

पलसाणा, कडोदरा, चलथाण या पट्ट्यातील कोणत्याही खासगी रुग्णालयाचे हजेरीपुस्तक उघडले, तर त्यात धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील परिचारिकांची नावे हमखास आढळतात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग आणि नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा येणारा रस्ता यांनी खानदेश व सुरत यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या जोडून ठेवले आहे. गेली पंचवीस वर्षे या भागात बालरुग्णालय चालवीत असताना माझ्याकडे काम शिकलेल्या अनेक भगिनी पुढे मुंबईस, आखाती देशांत किंवा युरोपात गेल्या. जाण्यापूर्वी त्या सल्ला विचारीत. त्या सल्ल्यातील उपयोगी भाग येथे एकत्र मांडीत आहे. लेख परिचारिकांसाठी असला तरी शेवटचा भाग आपणा डॉक्टरांसाठी आहे.

ठरावीक मुदतीच्या कराराने दूरच्या रुग्णालयात काम करण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळली असून तेथे असा करार साधारणपणे तेरा आठवड्यांचा असतो. आपल्याकडे २०२० च्या साथीत तिचे महत्त्व सर्वांना कळले. त्या वर्षी केरळमधून डॉक्टर व परिचारिकांचे पथक मुंबईच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात सेवेसाठी आले होते. अनुभवी परिचारिका ही सर्वत्र दुर्मीळ आहे. त्यामुळे संधी आहेत, तसेच संधीच्या नावाखाली फसवणूकही आहे.

१) आधी अनुभव, मग प्रवास

परीक्षा उत्तीर्ण होताच बाहेर पडण्याची घाई करू नये. किमान दोन वर्षे एकाच विभागात, रुग्णाच्या खाटेजवळ काम केलेले असावे. करारावर आलेल्या परिचारिकेला शिकविण्यास कोणाकडे वेळ नसतो. दोन-तीन दिवसांत तिने पूर्ण जबाबदारी घ्यावी अशी अपेक्षा असते. नवजात अतिदक्षता विभागाचा अनुभव सांगावयाचा, तर कमी वजनाच्या बाळाला शीर लावणे, श्वासयंत्रावरील बाळाची निगा, कांगारू मातृसेवा आणि बाळ अचानक निळे पडल्यास पहिल्या मिनिटात काय करावे, हे हाताला सवयीचे झालेले हवे.

२) नोंदणी

परिचारिकेची नोंदणी राज्यवार असते. १९६० पूर्वी सुरत व धुळे एकाच मुंबई राज्यात होते. आज मात्र नवापूर ओलांडले की कौन्सिल बदलते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या भगिनीने गुजरातेत काम करताना तेथून ना-हरकत पत्र घेऊन गुजरात नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी. ‘सहा महिन्यांसाठीच तर आले आहे’ म्हणून हे काम टाळले जाते. पुढे परदेशी अर्ज करताना नोंदणीविना केलेल्या सेवेचा अनुभव ग्राह्य धरला जाईलच असे नाही, आणि काही अघटित घडले तर कायद्याचे संरक्षणही दुबळे पडते. नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत करावे. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या नर्सिंग व मिडवायफरी आयोगाच्या कायद्यात राष्ट्रीय नोंदपुस्तकाची तरतूद आहे. तथापि राज्याची वैध नोंदणी हाती असल्याखेरीज घर सोडू नये.

३) नाव व कागदपत्रे

आपल्या समाजात लग्नानंतर मुलीचे वडिलांचे नाव व आडनाव दोन्ही बदलतात. दहावीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, नोंदणी सासरच्या नावाने आणि पारपत्र तिसऱ्याच पद्धतीने, अशी स्थिती मी वारंवार पाहिली आहे. परदेशी यंत्रणा प्रत्येक कागद तो देणाऱ्या मूळ संस्थेकडून पडताळून घेते. नावातील एका अक्षराच्या फरकानेही महिने वाया जातात. विवाह नोंदणीचा दाखला व राजपत्रातील नावबदल आधीच करून ठेवावा. नियुक्तिपत्र, पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि विभाग व तारखा नमूद केलेले अनुभवपत्र जपावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत.

४) करार वाचावा

पगाराचा आकडा शेवटी पाहावा. त्याआधी पाळीचे तास, एका पाळीत किती रुग्ण सांभाळावयाचे, जादा तासांचा मोबदला, राहण्याची जागा व तिचे भाडे, साप्ताहिक सुटी, मधूनच काम सोडल्यास होणारी वसुली हे मुद्दे लेखी आहेत का ते तपासावे. श्वासयंत्रावरील बाळामागे एक परिचारिका असावी. चार बाळांमागे एक असे कोणी सुचविले, तर पगार कितीही असो, ती जागा नाकारावी. कारण चूक झाली की प्रथम नाव परिचारिकेचे येते.

प्रसूतिरजेचा मुद्दा तरुण भगिनींच्या ध्यानात सहसा येत नाही. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा कायद्याने मिळते. मात्र त्यासाठी प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. दर दोन महिन्यांनी जागा बदलणारी भगिनी या हक्कास मुकू शकते. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी एवढेच म्हणेन की, बाळाचे पहिले सहा महिने केवळ स्तनपानाचे असतात. त्या काळात दूरचा करार शक्य तो घेऊ नये.

५) परदेशी जाताना

एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का, हे स्वतः पाहावे. कुवेतच्या भरतीत परिचारिकांकडून लाखो रुपये उकळल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर, २०१५ साली केंद्र सरकारने आखातासह १८ देशांतील भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा आदेश काढला. नियमांत पुढे बदल होत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम पाहावा. पर्यटन व्हिसावर ‘तेथे गेल्यावर बदलून देऊ’ असे सांगणाऱ्याच्या दारातून परत फिरावे. ब्रिटनच्या भरतीविषयक आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून शुल्क घेणे निषिद्ध आहे. तेव्हा तेथील नोकरीसाठी पैसे मागणारा मध्यस्थ संशयास्पद समजावा. जर्मनीसाठी भाषेची बी-२ पातळी गाठावी लागते आणि त्यासाठी सुमारे वर्षभराचा नेटाने अभ्यास लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे.

देशाची परिस्थितीही पाहावी. २०१४ साली इराकमधील तिक्रित येथे अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका जुलैमध्ये सुखरूप परतल्या. त्यांपैकी अनेकींच्या डोक्यावर जाण्यासाठी काढलेले कर्ज होते. घर किंवा जमीन गहाण ठेवून नोकरी विकत घेऊ नये, हा त्या घटनेचा धडा होय.

६) स्वतःचे आरोग्य व पहिला आठवडा

निघण्यापूर्वी हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा पूर्ण करून एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करावी. पातळी १० किंवा अधिक असावी. गोवर व कांजिण्यांविषयीची प्रतिकारशक्ती आणि क्षयरोगाची तपासणी यांचे कागद जवळ ठेवावेत. सुई टोचल्यास जागा साबण व पाण्याने धुऊन त्वरित कळवावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

नव्या जागी पहिल्या दिवशी तातडीच्या औषधांची ट्रॉली स्वतः उघडून पाहावी. आपल्याकडे अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम अशी येते. नवजात बाळासाठी ती दहापट पातळ करावी लागते. अन्यत्र ती आधीच पातळ केलेली मिळू शकते. एका ठिकाणची सवय दुसरीकडे तशीच नेली तर मात्रा दहापट चुकते. म्हणून लेबल मोठ्याने वाचावे, दुसरीकडून तपासून घ्यावे, आणि शंका आली तर विचारण्यात कमीपणा मानू नये.

७) आपणा डॉक्टरांसाठी

‘परिचारिका टिकत नाहीत’ ही आपल्या बैठकांतील नेहमीची तक्रार असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. इतकी वर्षे उलटल्यावर आपल्यापैकी किती जण त्या आकड्यापर्यंत पोहोचले, याचा प्रत्येकाने आपल्या वहीत शोध घ्यावा. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, अनुभवपत्र महिनोन्‌महिने न देणे किंवा पडताळणीच्या पत्राला उत्तर न देणे हे कोणत्याही डॉक्टरास शोभणारे नाही. आपण शिकविलेली भगिनी दूर जाते तेव्हा आपल्या विभागाचे नुकसान होते, हे खरेच. परंतु तिला बांधून ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. योग्य वेतन, सुरक्षित निवास आणि सन्मानाची वागणूक मिळाली, तर अनेक जणी येथेच राहतील. ज्या जातील, त्यांच्या हाती पूर्ण व खरे कागद देऊन त्यांना निरोप द्यावा, एवढीच सर्व सभासदांना नम्र विनंती.